तेलवाळूतून तेल काढताना खर्च आणि हरितगृह वायू एकत्र कसे घटवावेत

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात अथाबास्का, कोल्ड लेक आणि पीस रिव्हर या तीन पट्ट्यांत मिळून सुमारे 1,42,000 चौरस किलोमीटर क्षेत्राखाली तेलवाळू आहे. तिच्यातील बिट्युमेन, म्हणजे अतिशय घट्ट खनिज तेल, जमिनीखालच्या थंडाव्यात डांबरासारखे गोठून बसलेले असते आणि तापवल्याशिवाय ते वाहत नाही. थर साधारण 75 मीटरच्या आत असेल तर खाण खणून वाळू उपसता येते. परंतु काढता येण्याजोग्या साठ्याचा सुमारे चार पंचमांश भाग त्याहून खोल आहे आणि तो बहुतांशी वाफ सोडूनच वर आणावा लागतो. ही वाफ नैसर्गिक वायू जाळून तयार होते, म्हणजे इंधनाचे बिल आणि कार्बन डायऑक्साइड एकाच बर्नरमधून बाहेर पडतात. म्हणून खर्चाची बचत एका टेबलावर आणि उत्सर्जनाची कपात दुसऱ्या टेबलावर, अशी वाटणी या धंद्यात करू नये. दोन्ही टेबलांनी रोज सकाळी पाहायचा आकडा एकच आहे: एक पिंप बिट्युमेनसाठी किती पिंप पाण्याची वाफ लागली. यालाच वाफ-तेल गुणोत्तर म्हणतात.

सध्या सर्वाधिक वापरात असलेली खोल थरांतील पद्धत इम्पीरियल ऑइलमध्ये काम करणारे अभियंते रॉजर बटलर यांनी 1970 च्या दशकात मांडली. एकाखाली एक अशा दोन आडव्या विहिरी सुमारे 5 मीटर अंतर ठेवून खणतात. वरच्या विहिरीतून वाफ सोडतात आणि पातळ झालेले बिट्युमेन व थंड होऊन पाणी झालेली वाफ गुरुत्वाकर्षणाने खालच्या विहिरीत झिरपते. इंग्रजी आद्याक्षरांवरून (SAGD, steam-assisted gravity drainage) तिथले लोक तिला ‘सॅग-डी’ म्हणतात. मराठी कानाला ते ‘शेगडी’ ऐकू येते आणि कामाचे स्वरूप पाहता ती चूकही फारशी वावगी नाही.

आधी हिशेब मांडावा. एक पिंप पाण्याची वाफ करायला ढोबळमानाने 0.4 गिगाज्यूल वायू लागतो आणि त्यातून सुमारे 20 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. रोज 10,000 पिंपे तेल देणाऱ्या प्रकल्पाचे गुणोत्तर 3.0 वरून 2.7 वर आणले, तर रोज 3,000 पिंपे वाफ, 1,200 गिगाज्यूल वायू आणि जवळपास 60 टन कार्बन डायऑक्साइड वाचतो. वायूचा भाव गिगाज्यूलला 2 कॅनेडियन डॉलर धरला, तर इंधनात रोज 2,400 डॉलर सुटतात. हेच 60 टन अल्बर्टाच्या नियमातील 2025 च्या 95 डॉलर प्रतिटन या कार्बन-दराने मोजले, तर 5,700 डॉलर होतात. कार्बनचा हा आकडा कागदावरचा आहे, कारण बाजारात उत्सर्जन-श्रेयांक (दुसऱ्याने केलेल्या कपातीची विकत मिळणारी प्रमाणपत्रे) त्याहून पुष्कळ स्वस्त मिळत आलेले आहेत; गुंतवणुकीचा प्रस्ताव मांडताना दोन्ही दरांनी हिशेब करून दाखवणे प्रामाणिकपणाचे ठरते. गुणोत्तर मोजतानाही एक पथ्य पाळावे. नव्या जोडीत सुरुवातीचे काही महिने तेल जवळजवळ निघत नाही, केवळ वाफ फिरवून दोन विहिरींमधली वाळू तापवावी लागते. त्यामुळे आजच्या दिवसाचे गुणोत्तर आणि पहिल्या दिवसापासूनचे एकूण गुणोत्तर शेजारी शेजारी लिहावे. नुसते पहिलेच दाखवले तर जुन्या विहिरी उगाच शहाण्या ठरतात.

बचतीची पहिली जागा विहिरीतच आहे आणि तिला भांडवल फारसे लागत नाही. वाफ सरळ खालच्या विहिरीत शिरली, तर ती तेल न तापवताच वर येते. हे रोखण्यासाठी त्या दाबाला वाफेचे जे संपृक्त तापमान (पाणी उकळून वाफ होण्याचे तापमान) असते त्यापेक्षा वर येणारा द्रव किती थंड आहे, हा फरक सांभाळतात. समजा दाब 2,500 किलोपास्कल आहे. त्या दाबाला वाफेचे तापमान सुमारे 224 अंश सेल्सिअस असते. विहिरीत बसवलेल्या तापमापक तंतूवर आडव्या विहिरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 212 अंश दिसत असतील, तर 12 अंशांचा फरक आहे आणि विहिरीवर द्रवाची पुरेशी पातळी उभी आहे असे समजावे. पण सरासरीवर विसंबू नये. 800 मीटर लांबीपैकी 50 मीटरच्या तुकड्यात रेषा 222 अंशांवर चढलेली असेल, तर सरासरी उत्तम दिसूनही वाफ तिथूनच निसटते. अशा वेळी संपूर्ण विहिरीचा उपसा कमी करण्याऐवजी त्या तुकड्याचा प्रवाह आवळणारी नियंत्रक साधने नळीत बसवणे पुष्कळदा किफायतशीर ठरते.

दुसरा निर्णय दाबाचा. 2,500 ऐवजी 1,500 किलोपास्कलवर काम केले, तर वाफेचे तापमान सुमारे 198 अंशांवर येते, खडक व वाळू तापवण्यात जाणारी उष्णता घटते आणि गुणोत्तर सुधारते. मात्र तेल सावकाश वाहते आणि द्रव वर ढकलायला पंप लागतो. वाळूचा थर 10–15 मीटरहूनही पातळ असेल किंवा त्यात चिकणमातीचे आडवे पदर असतील, तर यांपैकी कोणतीही युक्ती फारशी उपयोगी पडत नाही, कारण उष्णता वरच्या खडकात मुरत राहते. चुकीच्या जागी खणलेली विहीर नंतर कोणत्याही यंत्राने सुधारत नाही, म्हणून भूगर्भाच्या अभ्यासावर केलेला खर्च हाच उत्सर्जन-कपातीतला सर्वांत स्वस्त खर्च आहे, असे माझे मत आहे.

जुन्या विहिरींबाबत दोन उपाय हातचे आहेत. शेजारच्या दोन वाफ-कक्षांच्या (विहिरींच्या जोडीभोवती वाफेने भरलेल्या वाळूच्या भागांच्या) मध्ये तापलेले पण न निघालेले तेल उरते. तिथे एकच उत्पादक विहीर खणली, तर जवळजवळ नव्या वाफेशिवाय ते मिळते. तसेच कक्ष पुरेसा मोठा झाल्यावर वाफेबरोबर थोडा मिथेन सोडतात. तो वर साचून दुलईसारखे काम करतो आणि वाफ हळूहळू कमी करता येते.

यानंतर बॉयलरकडे वळावे. येथील बॉयलर एकदाच पाणी फिरवणारे असतात. त्यांतून सुमारे चार पंचमांश पाणी वाफ होऊन आणि उरलेले उकळते द्रवरूप बाहेर येते. या उरलेल्या पाण्याची आणि विहिरीतून वर येणाऱ्या गरम मिश्रणाची उष्णता बॉयलरला जाणाऱ्या पाण्यात परत घालणारी उष्णता-विनिमयके गाळाने माखली, की वायूचा खप गुपचूप वाढतो. चिमणीतून जाणाऱ्या वायूंचे तापमान साधारण 22 अंशांनी उतरवले, तर बॉयलरची कार्यक्षमता सुमारे एक टक्क्याने वाढते, हा जुना ठोकताळा इथेही लागू पडतो. सिलिका व पाणी कठीण करणारे क्षार नीट काढले नाहीत, तर नळ्यांवर खपली धरते आणि सगळी मेहनत वाया जाते.

वीज आणि वाफ एकत्र तयार करणे, म्हणजे आपल्याकडे साखर कारखान्यांमुळे रुळलेली सहवीजनिर्मिती, हा यापुढचा मोठा टप्पा आहे. सनकोर कंपनीने आपल्या मूळ प्रकल्पातील पेट्रोलियम कोक (तेलावरील प्रक्रियेतून उरणारा कोळशासारखा पदार्थ) जाळणारे बॉयलर बदलून 800 मेगावॉट क्षमतेची वायूवरची सहवीजनिर्मिती बसवली, ती 2024 मध्ये पूर्ण झाली. कोकऐवजी वायू जाळल्याचा आणि उरलेली वीज प्रांताच्या जाळ्यात विकल्याचा, असा तिचा दुहेरी लाभ आहे.

वाफेची जागा काही अंशी द्रावकाने घेणे हा सध्या सर्वांत आशादायक मार्ग दिसतो. इम्पीरियलने कोल्ड लेकच्या ग्रँड रॅपिड्स थरात 2024 मध्ये वाफेबरोबर हलका हायड्रोकार्बन सोडणारा व्यापारी प्रकल्प सुरू केला आणि उत्सर्जन-तीव्रता, म्हणजे प्रत्येक पिंपामागचे उत्सर्जन, 40 टक्क्यांपर्यंत घटेल असा कंपनीचा दावा आहे. इथे नफातोटा ठरतो तो द्रावक किती परत मिळतो यावर. जमिनीत अडकलेले प्रत्येक पिंप हे बिट्युमेनपेक्षा महाग तेल पुरून ठेवल्यासारखे असते. म्हणून टाकलेला व परत आलेला द्रावक यांचा ताळेबंद प्रत्येक विहिरीसाठी वेगळा ठेवावा.

खाणींचा हिशेब वेगळा आहे. एका पिंपासाठी साधारण दोन टन वाळू हलवावी लागते, त्यामुळे डिझेल आणि गरम पाणी हे तिथले मुख्य खर्च आहेत. पूर्वी सुमारे 80 अंशांवर होणारी धुलाई अनेक ठिकाणी 40–50 अंशांवर आणली गेली. धुलाईत वर येणाऱ्या बिट्युमेनच्या फेसातील अ‍ॅस्फाल्टीन या जड घटकाचा काही भाग पॅराफिनी द्रावकाने आधीच काढून टाकला, तर बिट्युमेन शुद्धीकरणासाठी थेट पाठवता येते आणि बिट्युमेनचे हलके तेल करणारा, हायड्रोजन खाणारा संस्करण-कारखाना टळतो.

कार्बन पकडण्याचा उपाय शेवटी हाती घ्यावा आणि हाती घेतलाच तर संस्करणासाठी हायड्रोजन तयार करणाऱ्या प्रकल्पापासून सुरुवात करावी, कारण तिथे कार्बन डायऑक्साइड दाट आणि दाबाखाली असतो. बॉयलरच्या चिमणीत तो जेमतेम दहा टक्क्यांच्या आत असल्याने पकडणे बरेच महाग पडते. एडमंटनजवळ स्कॉटफर्ड येथील क्वेस्ट प्रकल्प 2015 पासून हायड्रोजन विभागातूनच वर्षाला सुमारे दहा लाख टन कार्बन डायऑक्साइड पकडून दोन किलोमीटरहून खोल गाडत आला आहे.

एक गोष्ट मात्र अहवालात सहसा लिहिली जात नाही. बहुतेक प्रकल्पांत तेलाची मर्यादा विहिरी नव्हे, तर बॉयलरची क्षमता ठरवते. त्यामुळे वाचलेली वाफ दुसऱ्याच दिवशी नव्या विहिरीत जाते, प्रत्येक पिंपामागचे उत्सर्जन घटते आणि एकूण टन तिथेच राहतात. अल्बर्टाने 2016 मध्ये तेलवाळूच्या उत्सर्जनाला वर्षाला 100 दशलक्ष टनांची मर्यादा कायद्याने घातली, ती एकूण टनांनाच. म्हणून दैनिक तक्त्यात गुणोत्तराच्या शेजारी बॉयलरमध्ये जळालेल्या एकूण वायूचा स्तंभ ठेवावा आणि वाचलेली वाफ कोणत्या विहिरीला दिली किंवा कोणता बॉयलर बंद केला, हे त्याच ओळीत नोंदवावे.