हजेरी तिची, पट्टी त्याची: शेतीच्या प्रकल्पांत या चुका टाळा

नाशिक जिल्ह्यात द्राक्ष, कांदा किंवा टोमॅटोवर चाललेल्या कोणत्याही प्रकल्पाचा अहवाल उघडला, तर महिलांच्या सहभागाचा रकाना भरलेलाच दिसतो. मीही असे रकाने अनेक वर्षे भरले आहेत. निफाड तालुक्यातल्या एका गावात बैठक संपवून हजेरीपट मिटत असताना एका ताईंनी विचारले, "सही केली मॅडम, पण कांद्याची पट्टी तर ह्यांच्याच नावावर निघती ना?" त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. तेव्हापासून मी हजेरीपटाच्या आधी हिशोबपट्टी, म्हणजे बाजारात विकलेल्या मालाच्या हिशोबाची पावती, पाहायला मागते.

पहिली आणि सर्वांत मोठी चूक नेमकी इथेच होते. कांद्याचे रोप टाकणे, लागवड, निंदणी, काढणी, पात कापणे, साठवणुकीच्या कांदाचाळीत भरण्यापूर्वी सडका आणि जोडकांदा वेगळा करणे ही बहुतेक कामे बायकांच्या हातची असतात. ट्रॅक्टर लासलगाव किंवा पिंपळगावच्या बाजार समितीच्या फाटकातून आत गेला, की लिलाव, काटा, पट्टी आणि बँकेत जमा होणारी रक्कम हा सगळा व्यवहार पुरुषांचा होतो. अशा साखळीत प्रकल्पाने फक्त शेतातल्या टप्प्यावर सुधारित बियाणे व प्रशिक्षण दिले, तर तिचे काम वाढते आणि त्याची पट्टी मोठी होते. म्हणून प्रकल्पाच्या सुरुवातीलाच प्रत्येक टप्प्यासमोर तीन गोष्टी लिहून काढाव्यात: काम कोण करते, भाव कोण ठरवते आणि पैसा कोणाच्या खात्यात जातो. पहिल्या उत्तरात बाई आणि उरलेल्या दोन्हींत पुरुष असा टप्पा दिसला, की हस्तक्षेपाची जागा तीच समजावी.

दुसरी चूक म्हणजे शेतकरी कोण हे सातबारा पाहून ठरवणे. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातल्या वहितीदारांत, म्हणजे शेतीचा कारभार ज्यांच्या हाती आहे त्यांच्यात, महिलांचा वाटा सुमारे १४ टक्केच आहे. शेतकऱ्यांनी मिळून काढलेल्या उत्पादक कंपनीच्या सभासदत्वाला सातबाऱ्याची अट लावली, की बहुतेक कष्टकरी बायका दारातच गळतात, आणि नंतर "महिला पुढे येत नाहीत" असा शेरा आपणच मारतो. कायद्याला ही अट अभिप्रेत नाही. कंपनी कायद्यातील उत्पादक कंपनीच्या तरतुदींनुसार प्राथमिक शेतमालाशी संबंधित कोणतेही काम करणारी व्यक्ती उत्पादक ठरू शकते. त्यामुळे कंपनीच्या नियमावलीत जमीनधारणेऐवजी प्रत्यक्ष उत्पादनकामाचा निकष ठेवता येतो. नोंदणीच्या वेळीच हे करावे, कारण नंतर दुरुस्तीला कोणी वेळ देत नाही.

जमिनीचा प्रश्न मात्र तेवढ्याने सुटत नाही. महाराष्ट्रात १९९२ पासून लक्ष्मीमुक्तीची तरतूद आहे, म्हणजे पतीने तलाठ्याकडे अर्ज केल्यास पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागते. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क मिळाला. पण प्रत्यक्षात बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते, आणि माहेर तुटू नये म्हणून ती सही करतेही. या सहीला स्वखुशी म्हणणे मला कधीच पटलेले नाही. प्रकल्पाने वाटणीच्या भांडणात पडू नये हे खरे. मात्र लक्ष्मीमुक्तीच्या अर्जासाठी गावात एक दिवसाचे शिबिर घेणे, तेही नवरा-बायको दोघांना बोलावून, हे सहज शक्य आहे. पुरुषांना वगळून घेतलेल्या सभांचा राग शेवटी घरी त्या बाईवरच निघतो, हे विसरू नये.

द्राक्षाच्या साखळीत वेगळी अडचण आहे. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर (फळासाठीच्या छाटणीनंतर) फेलफूट म्हणजे बिनघडाची फूट काढणे, डिपिंग म्हणजे घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणे, विरळणी म्हणजे घडातले जादा मणी काढणे ही कामे एकापाठोपाठ येतात आणि सुरगाणा, पेठ भागांतून आदिवासी मजुरांच्या टोळ्या निफाड-दिंडोरीकडे उतरतात. विरळणी करणारी बाई मांडवाखाली हात वर धरून तासन्‌तास उभी असते. घडातला कोणता मणी ठेवायचा आणि कोणता काढायचा हे कात्रीच्या टोकाने क्षणात ठरवते, आणि निर्यातीच्या मालाचा आकार तिच्या त्या निर्णयावर ठरतो. तरीही या कामाला "हलके काम" म्हणतात आणि पुरुषांच्या छाटणीपेक्षा कमी मजुरी देतात. समान वेतनाचा नियम १९७६ पासून कायद्यात आहे, पण कामाचे नावच वेगळे ठेवले की त्यातून वाट निघते. येथे उपाय असा: प्रकल्पाने विरळणी व पॅकिंगला कुशल कामाचा दर्जा देऊन मजुरीचा तक्ता ठरवावा, आणि उक्त्या (ठोक रकमेवर ठरवलेल्या) कामाचे पैसे मुकादमाच्या हाती एकरकमी न देता प्रत्येकीचा हिशोब उघडपणे लिहून जिचे तिला चुकते करावेत. जमीन नसलेली ही मजूर बाई बहुतेक प्रकल्पांच्या लाभार्थी यादीत नसतेच, ही उणीव मला सर्वांत जास्त सलते.

प्रशिक्षण सकाळी ११ वाजता ठेवणे हीसुद्धा एक हटकून होणारी चूक आहे, कारण त्या वेळी बाई बागेत असते. फवारणीचे प्रशिक्षण फक्त पुरुषांना देणे त्याहून घातक ठरते. पंप त्याच्याकडे असला तरी टोमॅटोच्या सरीतून नळी ओढणारी तीच असते, तेही बहुधा हातमोजे व मास्कशिवाय.

महिलांसाठी म्हणून बचत गटाला पापड-लोणच्याचा वेगळा उपक्रम देऊन मोकळे होऊ नये. गावाचा खरा पैसा द्राक्ष-कांद्यात असताना तिला साखळीबाहेर बसवल्यासारखे ते होते. त्यापेक्षा चाळीतला कांदा कधी विकायचा या चर्चेत गटाला जागा द्यावी, आणि उत्पादक कंपनीत किमान ५ संचालक असतातच, तर त्यांत नावापुरती एक न ठेवता दोन-तीन महिला असाव्यात. एकटी बाई बैठकीत सहसा बोलत नाही.

खाते तिच्या नावावर उघडले म्हणजे काम झाले, असेही मानू नये. त्या खात्याला जोडलेला मोबाइल नंबर कोणाचा आहे, हे तपासावे. ओटीपी नवऱ्याच्या किंवा मुलाच्या फोनवर येत असेल, तर नंबर बदलण्याचा अर्ज बँकेत तिच्यासोबत जाऊन त्याच दिवशी भरावा.