पीच फोफावतं, पण फळ धरत नाही? या चुका टाळा

दख्खनच्या पठारावर पीच वाढवणं अवघड नाही. पाणी, शेणखत मिळालं की दोन वर्षांत झाड डोक्याच्या वर जातं. अवघड असतं ते जानेवारीत त्याच्या काड्यांवर फूल आणणं. फूल आलं नाही की सगळे थंडीला दोष देतात. थंडीचा वाटा आहेच, पण आपल्याकडे बरंचसं नुकसान त्याआधी, भर पावसाळ्यात झालेलं असतं.

तरी सुरुवात थंडीपासूनच करू, कारण पहिली चूक रोप घेतानाच होते.

पेपरातला पारा पाहून जात निवडणं

निफाडचा पारा घसरला, वेण्णा लेकवर दवबिंदू गोठले, अशा बातम्या दर हिवाळ्यात येतात आणि वाटतं, आपल्याकडे पीचपुरती थंडी नक्कीच आहे. झाड मात्र नीचांक मोजत नाही, तास मोजतं. ७.२ अंश सेल्सिअसखाली किती तास गेले, हा जुना आणि सोपा हिशेब. ज्या रात्री पारा ६ अंशांवर उतरतो, त्या रात्री ७.२ च्या खालचा वेळ पहाटेचे तीन-चार तास एवढाच असतो. फ्लोरिडा विद्यापीठाची ‘फ्लोरडाप्रिन्स’ ही जात साधारण १५० तास मागते. म्हणजे अशा चाळीसेक रात्री हव्यात. पुण्यात तेवढ्या कुठून आणणार?

बरं, एवढ्यावर निराश व्हायचंही कारण नाही. १० ते १२ अंशांच्या रात्री अगदीच फुकट जात नाहीत, झाडाला त्यातूनही थोडी थंडी मिळते. अडचण दुपारची आहे. डिसेंबरात दुपारी पारा २८-३० वर गेला की रात्रीच्या कमाईतला काही भाग पुसला जातो. पंजाबात हीच जात चांगली फळते, त्यामागे तिथल्या धुक्याचा मोठा हात आहे. सूर्यच दिसत नाही, त्यामुळे काडीवरचे डोळे (फूल-पानाचे कोंब) दिवसाही थंड राहतात. लुधियानात झाड भरघोस फळतं, म्हणून ते तुमच्या बांधावर फळेलच असं नाही.

म्हणून १०० ते १५० तासांच्या वरची जात पठारावर घेऊच नये, असं माझं मत आहे. हिमाचलात चालणाऱ्या ‘जुलै एल्बर्टा’सारख्या जाती तर फक्त पानांसाठी लावाव्यात. बाजारातून आणलेल्या पीचची कोय लावणारे असतात, त्यांचंही तेच होतं. ते फळ बहुतेक वेळा डोंगराळ थंडीतलं असतं, आणि त्याचं रोप आईची भूक घेऊनच जन्माला येतं.

कोकणात आणि गोव्यात हा नादच सोडा. आणि पठारावरसुद्धा आधी दोन-चार झाडं लावून दोन हिवाळे बघा. एकरी उत्पन्नाचे हिशेब मांडणारे व्हिडिओ बघून एकर भरू नका.

लक्षण न ओळखता औषध मारणं

थंडी कमी पडलेलं झाड चटकन ओळखता येतं. फांदीच्या शेंड्याला पानांचा झुपका आणि खाली हातभर काडी उघडी. फुलं एकदम येत नाहीत, आज दोन, पुढच्या आठवड्यात चार, असं महिनाभर चालतं. जी फळं टिकतात त्यांना खाली टोक येतं. असं दिसलं तर जात चुकली आहे, खतं बदलून काही होणार नाही.

पण ऑक्टोबर-नोव्हेंबरातच फूल आलं असेल तर प्रकरण वेगळं आहे. तिथे थंडीचा संबंध नाही, पानं लवकर गळली आहेत.

फळ काढलं की झाड विसरणं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. पठारावर लवकर येणाऱ्या जातींची फळं एप्रिल-मेमध्ये निघतात आणि मग दिवाळीपर्यंत त्या झाडाकडे कुणी फिरकत नाही. पुढच्या वर्षीच्या फुलांचे डोळे मात्र याच काळात, उन्हाळा-पावसाळ्यातल्या नव्या काडीवर तयार होतात. पीच फक्त गेल्या हंगामात वाढलेल्या काडीवर फळतं. एकदा फळलेली काडी पुन्हा फळत नाही.

पावसाळ्यात पानावर तांबेरा येतो. पानाच्या वर पिवळे ठिपके, खाली गंजासारखी भुकटी. दुर्लक्ष केलं तर सप्टेंबरात झाड बोडकं होतं आणि ऑक्टोबर हीटमध्ये फुटून फुलतं. ती फुलं वाया जातात आणि जानेवारीसाठी मागे काही उरत नाही. तेव्हा जुलैपासून पानं उलटी करून बघायची, गळलेली पानं उचलायची आणि ठिपके दिसताच कृषी सहायकाला विचारून बुरशीनाशक फवारायचं. नोव्हेंबरपर्यंत हिरवी पानं टिकवली तर अर्धं काम झालं.

दुसरा धोका पाण्याचा. पीचच्या मुळांना साचलेलं पाणी अजिबात खपत नाही. काळ्या भारी जमिनीत पावसाची झड लागली की झाड उभ्या उभ्या माना टाकतं आणि लोक खोडकिड्याला शोधत बसतात. मुरमाड, उताराची जागा उत्तम. नसेल तर गादीवाफा उंच करून त्यावर लावा. चुनखडीच्या जमिनीत कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात. ती लोहाची कमतरता आहे, तिथे युरिया टाकून काही उपयोग नाही.

द्राक्ष-डाळिंबाचे डाव पीचवर खेळणं

आपला शेतकरी हुशार, त्यामुळे ही चूकही हुशारीतूनच होते. डाळिंबाला पानगळीसाठी इथ्रेल हे संजीवक चालतं, म्हणून पीचलाही मारलं जातं. पीचला त्याने खोडा-फांद्यांतून डिंक सुटू शकतो. पानगळ हवी असेल तर नोव्हेंबरअखेर पाणी हळूहळू तोडा, नत्र तर सप्टेंबरनंतर देऊच नका, आणि डिसेंबरात उरलेली पानं हाताने ओरबाडा. थोड्या झाडांना तेवढं पुरतं.

हायड्रोजन सायनामाइडचंही तसंच. द्राक्षात ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून ते लावतात. पीचचे फुलाचे डोळे द्राक्षापेक्षा नाजूक असतात. मात्रा जास्त झाली किंवा डोळे फुगल्यावर मारलं, तर फूलच जळतं आणि पानं मात्र झकास फुटतात. घरच्या झाडांसाठी मी याच्या वाटेला जाऊ नका असंच सांगेन. वापरणार असाल तर हातमोजे, चष्मा, मास्क हवेतच, आणि त्या दिवशी व पुढचे काही दिवस दारूचा थेंबही नको. या औषधासोबत दारू पोटात गेली की छाती धडधडते, अंग लालबुंद होतं, माणूस दवाखान्यात जातो.

द्राक्षाकडून घ्यायची गोष्ट एकच, वर्षातून दोनदा छाटणी. पहिली फळं निघाल्याबरोबर, मेमध्ये: आतल्या उभ्या वाढणाऱ्या फांद्या काढायच्या, मध्य उघडा ठेवायचा. मात्र द्राक्षाच्या उन्हाळी खरड छाटणीसारखं सगळं उतरवू नका. उन्हाने खोड भाजतं, म्हणून चुना-गेरू लावा आणि मोठ्या कापांवर बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप). ऑगस्टमध्ये हात लावायचा नाही, तेव्हा छाटलेली काडी म्हणजे पुढचं फळच छाटलं.

दुसरी छाटणी डिसेंबरअखेर, डोळे फुगू लागताना. पेन्सिलीएवढी जाड काडी हातात घेऊन पेर बघा. मध्ये एक बारीक टोकदार डोळा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन गुबगुबीत, लव असलेले डोळे दिसतील. मधला पानाचा, बाजूचे फुलाचे. अशा काड्या ठेवायच्या आणि जुन्या, फळून गेलेल्या बिनधास्त कापायच्या. निम्मं झाड खाली पडलं तरी घाबरू नका.

बारीकसारीक, पण नडणारं

बुंध्यातून जोमाने येणारा फुटवा कौतुकाने वाढवू नका, तो खुंटाचा, म्हणजे ज्यावर कलम बांधलंय त्या खालच्या झाडाचा असतो. कलम मरून खुंटच झाड झाला असेल तर त्याला तुम्ही निवडलेल्या जातीचं फळ कधीच येणार नाही. पिशवी फाडताना मुळांवर गाठी दिसल्या तर रोप परत करा, ती मुळं पोखरणाऱ्या सूक्ष्म अळ्यांची, सूत्रकृमीची लागण आहे. फेब्रुवारीत पानं वळली की आधी खालून बघा, बहुधा मावा असतो.

विरळणी करताना जीव तुटतो, पण फळ बोराएवढं असतानाच दोन फळांत १५ सेंटिमीटर अंतर ठेवून बाकीची तोडा. नाहीतर झाडभर कोयाच मिळतात.

फळमाशीचे मिथाइल युजेनॉल सापळे फळ रंगण्याआधी टांगा. ते नर पकडतात, फळात अंडी घालणारी मादी त्यात सापडत नाही. म्हणून गळालेली फळं रोज उचलून खोल पुरणं किंवा फळांना कागदी पिशव्या घालणं टाळता येत नाही.

आणि तोडणी. या जातींवर लाली फार लवकर चढते, तिला भुलू नका. देठाजवळची हिरवी झाक पिवळी झाली की तोडा. कडक फळ फ्रिजमध्ये ठेवलं तर आत पिठूळ होतं. आधी दोन दिवस बाहेर, टोपलीत एका थरात ठेवून मऊ होऊ द्या.