डिझेल गाडीची थरथर: फाउंडेशन आणि फ्लायव्हीलच्या कामात या चुका टाळा

डिझेल गाडी स्लोवर (ॲक्सिलरेटर न दाबता) थरथरायला लागली, की बहुतेक ठिकाणी पहिला हात जातो तो इंजिनच्या फाउंडेशन रबरांवर, म्हणजे इंजिन ज्यांवर बसतं त्या रबरांवर. ती बदलायला सोपी पडतात म्हणून. पण सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं एखादं नोझल नीट मारत नसेल, तर नवी रबरं टाकूनही थरथर तशीच राहते आणि गाडीवाल्याचे पैसे पाण्यात जातात. चार सिलिंडरचं इंजिन ८०० आरपीएमवर सेकंदाला साधारण २७ वेळा पेटतं. त्यात एक सिलिंडर कमी पडला तरी अख्खी गाडी हलते. म्हणून आधी मिसिंग (एखादा सिलिंडर नीट न पेटणं) आहे का ते बघा, मग फाउंडेशन. फ्लायव्हील (इंजिन आणि गिअरबॉक्समधली जड चकती) बघायला गिअरबॉक्स उतरवायचा तो सगळ्यात शेवटी.

फाउंडेशन बघायची रीत साधी आहे. बॉनेट उघडा, हँडब्रेक ओढा, ब्रेक दाबून पहिल्या गिअरमध्ये क्लच अगदी थोडा सोडा. बघणाऱ्याने गाडीसमोर नाही, बाजूला उभं राहायचं. इंजिन एका बाजूने उचलून धपकन खाली बसलं, तर तिथलं रबर गेलं. मग रिव्हर्स टाकून दुसरी बाजूही बघा. द्रव भरलेलं फाउंडेशन रबर असेल आणि त्याखाली ओघळ दिसला, तर ते फुटलेलं आहे. वरून रबर धड दिसतंय म्हणून ठेवू नका.

तुटलेलं एकच रबर बदलून बाकीची दबलेली तशीच ठेवली, की सगळा भार नव्यावर येतो आणि तेही लवकर जातं. ऑइल गळत असेल तर आधी गळती बंद करा, कारण ऑइलमध्ये भिजलेलं रबर फुगतं, मऊ पडतं.

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान होतं ते बोल्ट आवळताना. इंजिन जॅकवर लटकलेलं असतानाच बोल्ट कचकचून आवळले, तर रबर पिळलेल्या अवस्थेतच अडकतं आणि नव्या मालातही थरथर येते. बोल्ट आधी हाताने धरवा, जॅक काढा, इंजिनचा भार रबरांवर नीट बसू द्या. मग मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे टॉर्क रेंच लावा. आणि जॅक थेट चेंबरला (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याला) लावू नका, मध्ये जाड लाकडी फळी हवीच.

फ्लायव्हीलचा संशय कधी घ्यायचा? इंजिन सुरू-बंद करताना खडखड आपटल्यासारखा आवाज आला, तर. बऱ्याच डिझेल गाड्यांत ड्युअल मास फ्लायव्हील असतं: दोन चकत्या, मध्ये ग्रीसमधल्या वाकड्या स्प्रिंगा. हाताने फिरवल्यावर ते थोडं हलतंच, तेवढ्यावरून बाद करू नका. कंपनीने दिलेल्या मर्यादेशी ताडून बघा. साध्या फ्लायव्हीलसारखं ते लेथवर फेसिंगला (घासून सपाट करायला) द्यायचं नाही, डिझेलने धुवायचंही नाही, आतलं ग्रीस निघून जातं. खर्च वाचवायला त्याजागी साधं फ्लायव्हील बसवतात. मग स्प्रिंगा गिळायच्या ते धक्के सरळ गिअरबॉक्सला बसतात.

फ्लायव्हीलचे काढलेले बोल्ट परत वापरू नका. बहुतेक गाड्यांत ते ताणले जाणारे, एकदाच वापरायचे असतात. गिअरबॉक्स खाली आलाच आहे, तर क्रँकचं मागचं ऑइल सीलही बघून घ्या.

बॅटरी कमजोर असेल तर तीही बदला. सेल्फ (स्टार्टर) हळू ओढत असला, की इंजिन सुरू होताना जास्त वेळ हेलकावे खातं आणि नव्या फ्लायव्हीलच्या स्प्रिंगांवर रोज मार बसतो.