खाडीचा गाळ शेतात टाकण्याआधी

पावसाळा तोंडावर आला की खाडी आणि नदीमुखातला गाळ उपसायला घेतात. काळाभोर, लोण्यासारखा मऊ आणि बहुधा फुकट. तलावाच्या गाळाने जमीन सुधारलेली पाहिलेली असते, म्हणून याच्याही खेपा मागवल्या जातात. पण हा गाळ त्या जातीचा नव्हे.

वरच्या अंगाची शेते, कारखाने, गटारे यांतून आलेली रसायने चिकणमातीच्या बारीक कणांना धरून वाहतात. खारे पाणी लागले की हे कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात. शिसे, पारा, कॅडमियम कुजून संपत नाहीत. डीडीटी हे कीडनाशक तर शेतजमिनीतही निम्मे व्हायला 2 ते 15 वर्षे घेते. त्यामुळे वरचा कारखाना कधीच बंद पडलेला असला तरी खोलवरच्या थरात त्याची घाण शिल्लक असू शकते.

'एक-दोन पावसांत मीठ धुऊन जाईल, मग टाकू' हा बेत तर फसवाच. मीठ जाते, हे खरे. पण पाण्याखाली असेपर्यंत बरेच धातू गंधकाशी बांधलेले असतात. कुजक्या अंड्यासारखा वास येतो तो त्याच गंधकाचा. गाळ वाळून हवा लागली की गंधकाचे आम्ल होते, सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप; जितका कमी तितके आम्ल जास्त) कधीकधी 4 च्याही खाली जातो आणि बांधलेले धातू सुटे होऊन मुळांच्या हाती लागतात.

नत्र, स्फुरद, पालाशच्या नेहमीच्या अहवालात यातले काही दिसत नाही. जड धातूंची तपासणी वेगळी सांगून करून घ्यावी. वरच्या अंगाला रासायनिक कारखाने असतील तर कीडनाशकांच्या अवशेषांची आणि पीसीबी या जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलातल्या विषारी रसायनाचीही. नमुना ढिगाच्या वरवरचा नको, चार-पाच ठिकाणांहून आणि आतून घ्यावा. अहवाल येईस्तोवर ढीग शेत आणि विहिरीपासून लांब, झाकून ठेवावा.

गाळ आधीच पसरला असेल तर सामू मोजून, गरजेइतका चुना घालून तो 6.5 च्या आसपास आणावा. कॅडमियमची उचल त्याने घटते. तिथे पालेभाज्या व कंदमुळे घेऊ नयेत. भोपळावर्गातली काही पिके डीडीटीचे अवशेषही ओढतात, तीही टाळावीत. भाताचे जरा अवघड आहे: निसवण्याच्या (लोंबी बाहेर पडण्याच्या) सुमारास पाणी तोडले तर दाण्यात कॅडमियम वाढते, सतत तुंबवून ठेवले तर आर्सेनिक. म्हणून दोहोंपैकी जास्त काय आहे ते कळल्याशिवाय पाण्याची पाळी ठरवू नये.

कोळंबीची तळी असणाऱ्यांनी जवळ गाळाचा उपसा सुरू असताना खाडीचे पाणी आत घेऊ नये; तळची घाण ढवळून त्यात आलेली असते.