बडोद्यात मोठी गाडी लीजवर घेताना: भाड्यामागचा हिशेब

लीज म्हणजे गाडी विकत न घेता ठरावीक मुदतीसाठी भाड्याने घेणं, इथे तुमची नोकरीची कंपनी ती तुमच्यासाठी लीज कंपनीकडून घेते. लीजच्या कोटेशनमध्ये एकच आकडा ठळक छापलेला असतो, महिन्याचं भाडं. तो आधी बाजूला ठेवा आणि चार गोष्टी लेखी मागून घ्या: करविरहित मूळ किंमत, मुदत संपताना धरलेली अवशिष्ट (उरलेली) किंमत, व्याजदर आणि वर्षाची किलोमीटर मर्यादा. या चार मिळाल्या की भाडं घरच्या कॅल्क्युलेटरवर पडताळता येतं.

एक उदाहरण सोडवून बघू. गाडीची एक्स-शोरूम किंमत २१ लाख. २२ सप्टेंबर २०२५ पासून ४ मीटरपेक्षा लांब पेट्रोल-डिझेल गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आहे, म्हणजे मूळ किंमत १५ लाख. लीज कंपनी खरेदीवरच्या ६ लाख जीएसटीचं क्रेडिट घेते (तो स्वतः भरायच्या जीएसटीतून वळता करते), म्हणून तिचा हिशेब १५ लाखांवरच चालायला हवा. मुदत ४८ महिने, अवशिष्ट किंमत ६ लाख, व्याज १० टक्के धरू. किंमत ९ लाखांनी उतरते, महिन्याला १८,७५०. अडकलेली सरासरी रक्कम साडेदहा लाख, तिचं व्याज महिन्याला ८,७५०. बेरीज २७,५००. यावर पुन्हा ४० टक्के जीएसटी, ११,०००. हातात येणारं भाडं ३८,५००. कोटेशन याच्या फार वर असेल तर कुठेतरी विमा, सर्व्हिस किंवा रोड टॅक्स आत घातला आहे, नाहीतर मूळ किंमत करासकट धरली आहे. दुसरी चूक वाटते त्यापेक्षा जास्त वेळा सापडते.

भाड्यावरच्या या ११,००० रुपयांचं क्रेडिट तुमच्या कंपनीला सहसा मिळत नाही. १३ आसनांपर्यंतच्या प्रवासी गाड्या, त्यांचं भाडं, विमा आणि दुरुस्ती यांचं क्रेडिट जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) ने अडवलं आहे. म्हणून तो खर्चच समजा. इलेक्ट्रिक गाडीचं गणित इथेच पालटतं. तिच्यावर आणि तिच्या भाड्यावर जीएसटी ५ टक्के. मूळ किंमत तीच १५ लाख, पण जुन्या बॅटरीच्या धास्तीने अवशिष्ट किंमत साडेचार लाखच धरली तर भाडं ३०,००० होतं आणि करासह ३१,५००. कर नसताना इलेक्ट्रिक महाग होती, करानंतर महिन्याला ७,००० ने स्वस्त.

पगारदारांना लीजची ओढ असते ती आयकरामुळे. भाडं पगारातून कर लागण्याआधी वजा होतं. ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये सेससह ३१.२ टक्के धरा, तर ३८,५०० वर महिन्याला साधारण १२,००० रुपये कर वाचतो. बदल्यात गाडीची सवलत म्हणून ठरावीक रक्कम उत्पन्नात मिळवली जाते. १९६२ च्या नियमांत, इंधन-देखभालही कंपनी देत असेल तेव्हा, ही रक्कम १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनाला महिना १,८०० आणि त्यावर २,४०० होती, कंपनीचा ड्रायव्हर असेल तर आणखी ९००. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू आहे, तेव्हा चालू वर्षाचा आकडा पेरोलकडून घेऊनच गणित मांडा. अट एक: गाडी कंपनीच्या मालकीची किंवा कंपनीने भाड्याने घेतलेली हवी. स्वतःच्या नावावरच्या गाडीला हे लागू नाही. आणि हो, पगारपत्रकात हातात येणारी रक्कम घटते. वर्षभरात घरासाठी कर्ज काढायचं असेल तर बँकेला आधी विचारा.

आता किलोमीटर. लोक सर्वांत जास्त इथेच फसतात. घर कारेलीबागेत, कारखाना हालोलला: जाऊन-येऊन साधारण ८० किलोमीटर. महिन्याचे २२ दिवस धरले तर १,७६०, चार वर्षांत ८४,४८० (रविवारचं पावागढ वेगळं). करारात मर्यादा वर्षाला १५,००० असेल तर २४,४८० किलोमीटर जास्त होतात. जादा दर ८ रुपये असेल तर शेवटी १,९५,८४० रुपयांचं बिल, वर जीएसटी. त्याऐवजी सुरुवातीलाच २२,००० ची मर्यादा मागा. समजा त्यापायी अवशिष्ट किंमत ६०,००० ने उतरली, तर भाडं महिन्याला १,००० ने वाढेल, करासह १,४००. चार वर्षांचे ६७,२००. उलट, अलकापुरीतून शहरातल्याच मकरपुरा जीआयडीसीला (औद्योगिक वसाहतीत) जाणाऱ्याने मोठी मर्यादा घेऊ नये. न वापरलेल्या किलोमीटरचे पैसे कोणी परत देत नाही.

चालवण्याचा खर्च याच १,७६० किलोमीटरवर बघा. हायवेवर १४ चं मायलेज आणि पेट्रोल ९५ रुपये धरलं तर इंधन १२,०००. टायर १२,००० ला एक, संच ४५,००० किलोमीटरला संपतो असं धरा: महिन्याला १,९००. सर्व्हिस २,०००, विमा ५,०००. भाड्यासह बेरीज ५९,४००, म्हणजे किलोमीटरला जवळपास ३४ रुपये. कार लोनच्या हप्त्याशी नुसतं भाडं जुळवू नका, हा आकडा जुळवा.

टायरबद्दल थोडं जास्त. १७ इंची, ५० प्रोफाइलच्या (भिंतीची उंची रुंदीच्या ५० टक्के) टायरची भिंत बुटकी असते. खड्ड्यात जोरात आदळली की आतले धागे तुटून बाजूला फुगा येतो. तो दुरुस्त होत नाही, वॉरंटीतही बसत नाही. ‘मेंटेनन्ससह’ लीजमध्ये टायर किती आणि कशासाठी मिळणार ते विचारा. बरेच करार फक्त झिजलेले टायर देतात. डिझेल घेणार असाल तर रोजचा प्रवास बघा. ७-८ किलोमीटरच्या शहरी फेऱ्यांत एक्झॉस्टमधला काजळीचा फिल्टर तापून स्वच्छ होत नाही, दिवा लागतो आणि गाडी वर्कशॉपला जाते. हालोलवाल्याला डिझेल ठीक, अलकापुरीवाल्याला नाही.

विम्यात इंजिन संरक्षण आणि रिटर्न टू इनव्हॉइस (गाडी पूर्ण गेली तर बिलाची किंमत देणारं) ही दोन जोडकलमं बडोद्यात सोडू नयेत. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं तेव्हा तळघरातल्या गाड्या बुडाल्या. बुडालेली गाडी स्टार्ट करायची नाही. सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साधी पॉलिसी ते नुकसान नाकारते. बॅटरी सोडवा, टो करून न्या. गाडी टोटल लॉस झाली तर साधा विमा आयडीव्हीइतकाच (गाडीच्या विमा उतरवलेल्या किमतीइतकाच) पैसा देतो, तोही लीज कंपनीला. आयडीव्ही दुसऱ्या वर्षात २० टक्के, तिसऱ्यात ३० टक्के घसारा लावून काढतात. करार मोडण्याची रक्कम त्याहून जास्त निघाली तर फरक तुमच्या खिशातून जातो. नोकरी सोडताना हीच रक्कम समोर येते. म्हणून सही करण्याआधी १२, २४ आणि ३६ व्या महिन्याची फोरक्लोजर (मुदतीआधी करार मोडण्याची) रक्कम तक्त्यात मागा आणि नवीन कंपनीकडे लीज वळवता येते का हेही लिहून घ्या.

गुजरातमध्ये कंपनीच्या नावावरची नोंदणी महाग पडते. व्यक्तीच्या नावावर रोड टॅक्स ६ टक्के, कंपनीच्या नावावर त्याच्या दुप्पट. परराज्यातल्या स्वस्त नंबरची गाडी दिली तर १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवता येत नाही, नोंदणी बदलावी लागते.

मुदत संपल्यावर गाडी विकत घ्यायची असेल तर अवशिष्ट किमतीचे ते ६ लाख करविरहित असतात. लीज कंपनीने क्रेडिट घेतलेलं असल्याने त्यावर ४० टक्के लागून ८,४०,००० होतात. बाजारात तशी गाडी याहून स्वस्त मिळत असेल तर परत करा. घेतलीत तर मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० सोबत लीज संपल्याचा फॉर्म ३५ ही घ्या, नाहीतर आरसीवर लीजची नोंद तशीच राहते. परत करताना दोन्ही चाव्या, सर्व्हिसच्या पावत्या आणि स्टेपनी लागते. तपासणीच्या आदल्या दिवशी गाडी धुऊन उन्हात चारही बाजूंनी फोटो काढा, ओडोमीटरचा एक वेगळा, आणि तपासणीच्या कागदावर तुमची सही होण्याआधी प्रत्येक ओरखड्याची लांबी त्यावर लिहवून घ्या.