दार नुसतं फुगलं नव्हतं, खचलं होतं

आषाढ लागला की आमचं मागचं दार फरशीला घासायचं. सुतार म्हणाला, "लाकूड फुगलंय, खालून रंधा मारतो." मला पटेना. दार उभ्या फळ्यांचं. लाकूड फुगतं ते रुंदीत, लांबीत जवळजवळ नाहीच. मग उंची कशी वाढेल?

दार हाताने वर उचललं तर वरची बिजागरी डुगडुगली. पावसाळ्यात रुंदीत फुगून कडीच्या बाजूला दार अडकतं, आपण ओढाओढ करतो, त्यात स्क्रूची भोकं सैल झालेली.

दाराखाली पाचर सरकवून ते तोललं आणि स्क्रू काढले. काडेपेटीतल्या काड्यांची गुलं तोडून, काड्या फेविकॉलमध्ये बुडवून भोकांत घट्ट ठोकल्या. (लाकडीच काड्या, मेणाच्या नकोत. माझा पहिला प्रयत्न त्यातच वाया गेला.) रात्रभर वाळू दिलं, सकाळी तेच स्क्रू पिळले. गच्च बसले.

कडीच्या बाजूच्या चौकटीला खडू फासून दार लावलं. दारावर खडू उमटला तेवढ्याच जागी पॉलिशपेपर मारला, जास्त नाही. जास्त घासलं तर उन्हाळ्यात लाकूड आकसून फट पडते. ती उघडी कड आत्ता रंगवली नाही, ओल आतच कोंडते. रंगाचा डबा दिवाळीपर्यंत माळ्यावर.