जुनी शिडाची बोट कोकणच्या लांब सफरीसाठी कशी तयार करायची

जुनी 28-30 फुटी फायबरची बोट स्वस्तात मिळाली की आधी डोळ्यांसमोर येतात नवीन शिडं, मोठा स्क्रीन, फ्रीज. ते सगळं नंतर. मुंबई ते गोवा साधारण सव्वादोनशे सागरी मैल, रोज एक खाडी गाठत गेलं तर आठ-दहा दिवस, आणि या वाटेत दगा देतात त्या न दिसणाऱ्या वस्तू, म्हणून पैसे आधी तिथे घाला.

पावसाळ्यात बोट तशीही पाण्याबाहेरच असते, तेव्हाच तळ बघून घ्या. पाणी आत-बाहेर करणारा प्रत्येक व्हॉल्व्ह हाताने फिरवायचा, नुसता बघून सोडायचा नाही. माझ्या बोटीतला टॉयलेटचा व्हॉल्व्ह वरून एकदम ठणठणीत होता, जरा जोर लावला तर मानेतच तुटून हातात आला आणि तुटलेली जागा आतून गुलाबी. पितळेतलं जस्त खाऱ्या पाण्याने खाल्लं की असं ठिसूळ तांबं उरतं. हे समुद्रात झालं असतं तर? तेव्हापासून मी ब्राँझचेच बसवतो, प्रत्येक पाइपला दोन-दोन क्लॅम्प लावतो आणि प्रत्येक व्हॉल्व्हशेजारी, तो तुटलाच तर भोक बुजवायला, त्या मापाची लाकडी खुंटी दोरीने बांधून ठेवतो.

मग डोलकाठी. तिला धरून ठेवणाऱ्या स्टीलच्या तारांवरून कापूस फिरवा, हाताचं बोट नका फिरवू, तुटलेला तंतू कापूस बरोबर पकडतो. तारा 10-15 वर्षं जुन्या असतील, किंवा किती जुन्या तेच माहीत नसेल, तर सरळ बदला. या तारा ज्या पट्ट्यांना बांधलेल्या असतात त्या डेकमधून जातात तिथे पाणी मुरून गंज आतल्या आत वाढतो, म्हणून पट्ट्या बाहेर काढूनच तपासायच्या.

इंजिनाचं म्हणाल तर डिझेलची टाकी उघडून तळ साफ करा. बोट बंदरात उभी असते तोवर गाळ आणि पाणी खाली शांत बसलेलं असतं, लाटा लागल्या की सगळं घुसळून फिल्टर चोंदतो आणि इंजिन बंद पडतं नेमकं खाडीच्या तोंडाशी. फिल्टर, बेल्ट आणि कूलिंग पंपाचा इंपेलर (आतलं पाणी ढकलणारं रबरी चाक), सगळं जास्तीचं घ्या, आणि इंपेलर धक्क्यावर असतानाच एकदा स्वतः बदलून बघा.

नांगराच्या साखळीत काटकसर करू नका. ओहोटीला 3 मीटर पाणी, भरतीचे 2, डेकची उंची 1, झाले 6, त्याच्या पाचपट म्हणजे 30 मीटर साखळी सोडायची. मुंबईकडे उधाणाला भरती 4 मीटरच्या वर चढते, तिथे त्या हिशेबाने जास्त.

बॅटरी दोन ठेवा, त्यातली एक फक्त इंजिन चालू करायला. साधी 100 अँपिअर-अवरची बॅटरी निम्मीच वापरायची असते, आणि 100 वॉटचं सोलर पॅनल हिवाळ्याच्या स्वच्छ उन्हात दिवसाला 25-30 अँपिअर-अवर भरून देतं, तेवढ्यात दिवे, व्हीएचएफ म्हणजे बोटीचा रेडिओ, एक छोटा पंखा आरामात निघतात. पिण्याचं पाणी माणशी रोज 4 लिटर धरा आणि एकाच टाकीत भरू नका, कॅन घ्या. लाइफजॅकेट, बोटीला बांधून घ्यायचा पट्टा, संकटात पेटवायचे, तारीख न गेलेले फ्लेअर हवेतच. व्हीएचएफ चॅनल 16 वर, म्हणजे मदतीच्या हाकेच्या चॅनलवर, असू द्या, तटरक्षक दलाचा 1554 नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये टाका. दातेरी सुरी आणि पोहण्याचा चष्मा हाताशी ठेवा, बोटीच्या तळाशी पाण्यात फिरणाऱ्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) जाळं अडकलं तर तेच कामाला येतं. कोळ्यांची जाळी अंधारात अजिबात दिसत नाहीत आणि त्यांचं पोट त्यावर आहे, म्हणून मी या किनाऱ्याला रात्री चालतच नाही.

पहाटे जमिनीकडून येणाऱ्या मतलई वाऱ्यावर निघायचं, दुपारी वायव्येचा वारा जोर धरतो त्यावर पुढचा पल्ला मारायचा आणि उजेड आहे तोवर आत शिरायचं. जयगड, विजयदुर्ग चांगली आसऱ्याची बंदरं. मालवणला सिंधुदुर्गाभोवती खडकच खडक, तिथे उन्हं तिरपी व्हायच्या आधीच पोचा. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा असतो, तर चढत्या भरतीलाच आत घुसा, टेकलीच बोट तर पाणी तिला परत उचलतं.

नोव्हेंबरात आधी मांडव्याला एक रात्र नांगरावर काढा, मग मुरूडपर्यंत जाऊन परत या. काय गळतंय, काय सुटतंय ते याच दोन फेऱ्यांत कळतं. ते दुरुस्त करून डिसेंबरात गोव्याकडे निघा.